बसलेला घसा

“काय होतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि तिनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्यानं गळ्याभोवतीच्या मफलरकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, नुसती हवा सोडली आणि तोंड मिटलं.

“घसा बसलाय यांचा. आज चौथा दिवस,” ती ओशाळून म्हणाली. वकील घरी विसरून कोर्टात आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

नवरा फळबाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा माणूस नकळत बोली लावून बसे. राईचा पर्वत करणं हा त्याचा धंदाच. बायकोच्या दुखण्याचा पर्वत मात्र तो दवाखान्याच्या दारातच राईएवढा करून टाकी. “थोडं दुखतं हिला, मध्येमध्ये. एरवी ठणठणीत आहे.” यात दुष्टपणा नव्हता. घरच्या मालाला नावं ठेवू नयेत, एवढंच त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

डॉक्टरही मग त्याच भावात औषध देत. पहिल्यानं पित्त सांगितलं. दुसऱ्यानं ताण. तिसरा म्हणाला, मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, दुखणं थांबलं नाही. चौथा म्हणाला, मूल झाल्यामुळे असेल. पाचव्यानं सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आलं, तेव्हा त्यानं तिचं अभिनंदन केलं. सासूबाईंनी तर फी न घेताच निदान केलं होतं : “बाईच्या जातीला हे असायचंच गं.” इथेही ‘काही नाही’ निघालं, तर पुन्हा कुणापुढे तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

नवऱ्याचा आवाज गेल्यापासून घर चिडीचूप होतं. परवा ती न्हाणीघरातून कण्हत बाहेर आली, तर हा गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभा. बिचाऱ्याचा घसा फारच दुखत असणार, म्हणून तिनं ती पिशवी त्याच्याच मफलरात नीट गुंडाळून दिली. तो तिच्याकडे बघत राहिला होता.

“घसा यांचा बसलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुखतंय तुम्हाला ना? मग तुम्हीच सांगा. मला घाई नाही.”

घाई नसलेला डॉक्टर तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती आधी चाचरली, मग सुटलीच. पाळीच्या आधीपासून ओटीपोटात मुरडा पडतो. कळ कंबरेतून मांडीत उतरते. शौचाला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. “आणि हे जवळ आले, तरी,” ती टेबलाकडे बघत म्हणाली. बसलं की कळ वाढते, म्हणून ती ओट्याशी उभ्यानंच जेवते. नवऱ्याच्या विनोदांना ती पोट धरून हसते. त्यातलं हसणं उसनं असतं, पोट धरणं खरं.

नवरा मफलरचं टोक मुठीत धरून ऐकत होता.

“तुम्हाला काही सांगायचंय?” डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे कागद-पेन सरकवलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि कागद बायकोपुढे ठेवला.

पुढे तपासण्या झाल्या. मग पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि जे दिसलं ते तिथल्या तिथे काढलंही. “एंडोमेट्रिओसिस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढतं. सोनोग्राफीत दर वेळी दिसतंच असं नाही. पण होतं. तुमच्या मनात नव्हतं, पोटात होतं.” रोग निघाला म्हणून ती आनंदानं रडली. नर्सबाई गोंधळून आधी पाणी घेऊन आल्या, मग डॉक्टरांना.

दुखणं पुरतं गेलं नाही. गोळ्या आहेत, अधूनमधून कळही आहे. पण आता कळेला नाव आहे, आणि नाव घेऊन बोलावलं की ती थोडी वठणीवर येते. मुख्य म्हणजे ती स्वतः आता बसून जेवते.

अशीच एकदा सगळ्यांबरोबर जेवायला बसली असताना ती दिराला म्हणाली, “डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच हो भावजी. पण त्याआधी उपकार यांच्या घशाचे. त्या दिवशी आवाज असता, तर अजून मी पित्ताच्याच गोळ्या खात असते.”

दीरही बाजारातच कामाला. त्याचा घास हातात राहिला.

“त्या दिवशी? अहो वहिनी, आधीचे तीन दिवस दादा घरी होता, तेव्हा मी पुकारत होतो. माझाच घसा फाटला. त्या दिवशी पहाटे दादाचा आवाज सुटला आणि अख्खा बाजार त्यानंच ओरडून विकला. दवाखान्यात जाताना, स्वतःचा घरी राहिला म्हणून, वर माझाच मफलर मागून घेऊन गेला!”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्यानं गळ्याकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, नुसती हवा सोडली आणि तोंड मिटलं.