रुमालाखालचा हात

घोडेगावच्या बाजारात अण्णांनी आज पहिल्यांदाच सौदा पोरावर, तुषारवर सोडला होता. म्हशीचा भाव बोटांनी सांगायला विकणाऱ्या सहादेवबाबांनी रुमालाखाली त्याचा हात धरला. म्हैस दोन महिन्यांची गाभण आहे म्हणत होते. नुसतं बघून कळायला मार्ग नव्हता. मोबाईलवर पोकर खेळून तयार झालेलं तुषारचं डोकं पळायला लागलं. हवं ते पान आलं, म्हणजे गाभण निघाली, तर चाळीस हजार सुटणार. नाहीतर वीस जाणार. तिनात एकदा आलं तरी तोटा नाही, अन् इथं तर निम्मी शक्यता. खेळायलाच पायजे! तेवढ्यात रुमालाखाली थरथर जाणवली. म्हातारा थापा मारतोय. तुषारनं झटक्यात हात काढून घेतला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं त्याच भावात म्हैस नेली.

"का सोडली रं?" चहाच्या टपरीवर अण्णांनी विचारलं.

"बाबाचा हात थरथरत हुता, अण्णा. खोटं बोलत हुता त्यो."

तुषारच्या ग्लासातला चहा हिंदकळून त्याच्याच बोटांवर सांडत होता. अण्णा तिकडं बघत राहिले.

"अन् ह्यो आता कुणाचा थरथरतोय?"