नावबदल

शुभ नावं शोधून देणाऱ्या म्हाताऱ्या ज्योतिषाने बजावलं होतं, "तुझ्या या नावामागे काहीतरी लागलंय, पोरी. टाकून दे ते." म्हणून सोलच्या कोर्टात जाऊन मल-सुनची हे-रिन झाली. ऑफिसात ती ज्या प्रोग्रॅमचा कोड लिहायची, त्यात मात्र तिने केलेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीखाली अजून मल-सुन हेच नाव होतं.

शेजारच्या टेबलावरच्या गी-थेने जुन्या नोंदी मुळापासून नव्याने लिहिणारी सोय नुकतीच सुधारली होती. त्याने ती चालवली.

"घे, मल-सुन आता कुठेच नाही. चुका मात्र तुझ्याच राहिल्या हं!"

ती मोकळेपणाने हसली. तेवढ्यात पडद्यावर नवी नोंद आली. खाली नाव मल-सुन.

"अगं, परत जुन्या नावाने कशाला पाठवतेस?"

हे-रिनचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते.

नोंदीत लिहिलं होतं, "नाव रिकामं दिसलं. राहायला आले."