पडद्याला पडलेली चीर

"मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. अख्ख्या म्हैसुरात कुणाला पटणार नाही," मानाजीराव म्हणाले. "पण हा पडदा बिबट्यानं फाडला. नोडि, बघा, पवनकुमारचा काही दोष नाही."

सरस्वतीपुरमच्या नव्या स्केटिंग हॉलला रस्त्याच्या बाजूनं भिंतच नव्हती. पोलादी चौकटीत ताणून बसवलेलं, दोन मजले उंच पांढरं कापड होतं. ते बसवून घेणारा इंजिनियर विश्राम कापडातल्या वीतभर भोकासमोर संतापून उभा होता.

"उद्यापासून येऊ नकोस," तो रखवालदार पवनकुमारला म्हणाला. "शिट्टी दे इकडे."

पवनकुमारनं गळ्यातली शिट्टी काढली.

"अहो, बिबट्यापुढं तो काय करणार?" मानाजीराव मध्ये पडले. "जंगलाकडच्या एच. डी. कोटे गावाच्या बसच्या टपावर बसून आला. पडद्यावर आतल्या पोरांच्या सावल्या पळत होत्या. त्याला वाटलं, हरणं. मारला पंजा. आत बघतो तर हरणांच्या पायाला चाकं. लाजला आणि त्याच बसनं परत गेला."

विश्राम हसला नाही. "आजोबा, हे कापड ताणलेलं असतं. एकदा चीर पडली की वाऱ्यानं वरपर्यंत फाटत जायला हवी. ही इथंच कशी थांबली?"

"बिबट्या म्हातारा होता. नखं बोथट."

मानाजीरावांच्या पत्नी इंदिराबाई शेजारच्या दगडी बाकावर बसल्या होत्या. पूर्वी इथं नुसतं तारेचं कुंपण होतं, तेव्हापासून त्या रोज इथंच बसत. भोक बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आत त्यांची नात, नव्या, गोल गोल फिरत होती.

"उद्या पोलिसांत देतो मी हे प्रकरण," विश्राम म्हणाला. "पहिलं नाव ह्याचं."

पवनकुमारनं मान खाली घातली.

"पोलीस बिबट्याला धरणार? कर्मा," मानाजीराव म्हणाले. "अजून एक सांगतो, तो बिबट्या..."

"सुम्ने बसा, गप्प बसा तुम्ही." इंदिराबाई काठी टेकत उठल्या. त्या विश्रामला म्हणाल्या, "आमच्या तोंडासमोर पडदा ओढलात, तेव्हा कुणाला विचारलंत? आणि आता ह्या गरिबाला घालवताय." मग नवऱ्याकडं वळल्या. "तुम्हीही आयुष्यभर रंगाऱ्यांच्या, कापड रंगवणाऱ्या-शिवणाऱ्यांच्या घरात राहिलात. थाप मारायच्या आधी कडेवरून बोट तरी फिरवायचं. बिबट्या फाडतो हो. फाडल्यावर कड दुमडून तुरपाई घालतो का?"