नाशिकची थंडी

पाऊस सरला, नंदाखाल गावच्या वाडीत शेवंतीला कळ्या धरल्या, आणि रोझलीन ओट्यावर बसून क्रोशाच्या सुईनं लोकरीचे हातमोजे विणू लागली. बोटं उघडी राहतील, असे. रोझलीनचा मुलगा वारल्यापासून त्याची बायको सुझानच पहाटे दवात फुलं खुडायची. हे विणकाम आपल्यासाठीच चाललंय, एवढं सुझानला कळलं.

एक हातमोजा पुरा झाला, तशी रोझलीननं तिला जवळ बोलावलं आणि तो तिच्या हातात चढवून पाहिला.

"आई, कशाला एवढी मेहनत? आपल्याकडं कुठं एवढी थंडी पडते?"

"इथं नाही पडत. नाशिकला पडते."

नाशिकच्या एका मास्तरांचं स्थळ फादरनी सुझानला सुचवलं होतं. माणूस तिच्या मनातही भरला होता. पण सासूला एकटं टाकून जाणार नाही, असं सांगून ती मोकळी झाली होती. घरी तिनं याची वाच्यता केली नव्हती.

"फादर काल येऊन सांगून गेले," रोझलीन म्हणाली. "माझ्यापायी नको म्हणालीस ना?"

"तुमचं कसं होईल, आई?"

रोझलीननं लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला. "माझा लेक गेला, तेव्हा मला तू होतीस. उद्या मी गेले, तर तुला कोण आहे?"

मापासाठी सुझाननं आपणहून दुसरा हात पुढं केला.