निरोगी नमुना

"नळ्या बदलल्यास तू," कॉस्टा म्हणाला.

"नाही बदलल्या," मेरिन म्हणाली.

पडद्यावर दोन आलेख होते. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या त्या प्रयोगशाळेत पेशींमधला डीएनए मोजत. निरोगी पेशींची एकच टेकडी उमटते. बिघडलेल्या, म्हणजे कर्करोगाच्या, पेशी हावरट. हवा त्याहून जास्त डीएनए साठवतात, मग शेजारी दुसरी टेकडी उभी राहते. डेस हॅनाफोर्डच्या टॉन्सिलच्या गाठीला दुसरी टेकडी येणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला एकच आली. दोन आल्या त्या तुलनेच्या नळीला, आणि त्या नळीत मेरिनच्या घशातल्या पेशी होत्या.

तुलनेचा निरोगी नमुना खरं तर परदेशातून यायचा. तो विमानतळावरच्या उन्हात शिजून पोचे. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेरिन आरशासमोर 'आ' करून स्वतःच्याच टॉन्सिलवर ब्रश फिरवी. नियमात बसत नव्हतं, पण काम भागत होतं. सव्वीस वर्षं त्या भागातले घसे मेरिनच्या घशाशी ताडून पाहिले जात होते. तिच्या चहाच्या मगवर कुणीतरी 'प्रमाणित' असं रंगवून दिलं होतं.

अशी गाठ करणारा विषाणू म्हणाल तर अगदी सामान्य. निम्म्या गावाच्या अंगात कधी ना कधी येतो, पाहुण्यासारखा राहतो, निघून जातो. एखाद्याकडेच वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतो नि पेशी बिघडवतो.

डेस घोड्यांच्या शर्यतींचं धावतं वर्णन करायचा. गाठ काढायची तर जिभेच्या मुळापर्यंत कापावं लागणार होतं, म्हणजे बोलणं गेलंच. सूक्ष्मदर्शकाने अर्धवट कौल दिला होता. सर्जन बारा वाजता फोन करणार होता, आणि अकरा वाजून गेले होते. डेसचा तुकडा तपासणीतच संपला होता, पुन्हा मोजायला काही उरलं नव्हतं.

"लेबलं उलटी कर, मी सही करतो," कॉस्टा म्हणाला. प्रयोगशाळेत खुर्ची एकच होती आणि प्रमुख म्हणून तीत तो बसे. "कुणाला कळणारही नाही. पन्नाशीनंतर होतं असं."

"तुला हे यंत्र चालू करायला मी शिकवलं, बाळा. पहिल्या दिवशी तू पंख्याचं बटण दाबलं होतंस."

"मेरिन, चेष्टा पुरे. एकच टेकडी लिहून पाठवली आणि गाठ खरी निघाली, तर डेस मरेल."

"आणि दोन लिहून पाठवल्या नि गाठ साधी असली, तर शनिवारी घोडे धावतील, सांगायला डेस नसेल."

मेरिनच्या बशीत अर्धा लॅमिंग्टन पडून होता. हल्ली बेकरीवाले केक कोरडे करतात, घशात अडकतात, अशी तिची महिनाभर तक्रार होती. बाकीचे दोन-दोन खात.

"माझा नमुना पुन्हा घे," ती म्हणाली. "तूच घे. लेबलही तूच लाव. मी हात लावत नाही."

डेसची वापरलेली नळी कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागलं. मेरिन हात पाठीमागे बांधून खिडकीच्या उजेडात उभी राहिली, आणि कॉस्टाने तिच्या घशात ब्रश फिरवला. यंत्र दोनदा धुतलं. नव्या पेशींत रंग घातला. मग ती एकच नळी लावली.

बाराला दहा मिनिटं कमी होती. मेरिन कॉस्टाच्या खांद्यामागे ताठ उभी होती. सव्वीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. आज ती झाली असेल तर उद्यापासून तिच्या हातून कुणी काचपट्टीसुद्धा घेणार नव्हतं.

पहिली टेकडी उमटली. पुढे थोडा वेळ पडदा कोराच राहिला. मग पहिलीच्या उजवीकडे, सकाळी होती त्याच जागी, दुसरी हळूहळू वर आली.

"बघ!" मेरिनने टेबलावर थाप मारली. "सांगत होते ना? नळ्या बदलल्या नव्हत्या!"

"नाही बदलल्या," कॉस्टा म्हणाला, आणि उठून त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.