एकवीस घरांची यादी

"अकरावं घर," पापू म्हणाले. "दिमित्रा, तिचा नवरा आणि दोन मुली. चौघांना लिही."

अनुयाने त्यांना विचारून लॅपटॉपवर चार नावं टाइप केली. गॅसवर मोठ्या पातेल्यात गहू शिजत होते.

पापू म्हणजे ग्रीकमध्ये आजोबा. नाव स्टाव्हरोस, वय अठ्ठ्याऐंशी, टोरांटोजवळच्या रिचमंड हिलमधल्या या घराचे मालक. अनुया त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची, कॉलेज सांभाळून वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये काम करायची. घरमालक आणि भाडेकरू हे नातं पहिल्या बर्फातच निकालात निघालं. पापू ड्राइव्हवे शोव्हल करताना दिसले, तिने फावडं हिसकावून घेतलं आणि त्यांना शुद्ध मराठीत झापलं. एक अक्षर कळलं नाही, तरी म्हातारा मुकाट्याने घरात गेला. तेव्हापासून ते पापू आणि ती 'कोरी-मू', म्हणजे माझी पोर.

शनिवारी त्यांच्या चर्चमध्ये पितरांचा दिवस होता. प्रत्येक घराने एक कागद द्यायचा. वर गेलेल्यांची नावं, खाली जिवंत माणसांची. पाद्री सगळी मोठ्याने वाचतो, वरच्यांना शांती मागतो, खालच्यांना आयुष्य. मग शिजवलेले गोड गहू वाटतात.

पापूंचं गाव एका बेटावर, डोंगरात होतं. ते सोळा वर्षांचे असताना भूकंपात पडलं. वाचले ते किनाऱ्यावर उतरले, मग जगभर पांगले. आता तिथे कोणी राहत नाही. दरवर्षी पापूंची बायको कागद भरायची, घरच्यापुरता. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. यंदा पापूंना अख्खं गाव लिहायचं होतं.

"एकही नाव सुटता कामा नये," ते म्हणाले. "मी शेवटचा आहे. मी गेलो की त्यांना हाक मारणारं कोणी नाही."

"मग मारियाताईला का नाही सांगितलं?"

"मुलगी विंडसरला असते. आणि ती प्रश्न फार विचारते."

प्रश्न अनुयाही कमी विचारत नव्हती, पण ती लातूरकडची. तिच्या आईचं माहेर असंच भूकंपात गेलं होतं. गाव उठून नव्या जागी वसलं, तरी आई वर्षातून एकदा जुन्या गावठाणात मारुतीला नारळ फोडायला जाते. पापूंनी हे तिच्याकडून तीनदा ऐकून घेतलं होतं.

"घरं दिसतात अजून?" दर वेळी ते विचारायचे.

"जोती दिसतात."



विसावं घर झऱ्याजवळचं. कॅलिओपी नावाची विधवा. पापूंना तिथलं सगळं आठवत होतं. चुलीवरच्या तिसऱ्या वाशापाशी छप्पर गळायचं, पीठ मळताना ती गुणगुणायची, तिच्या डाव्या हाताला भाजल्याचा डाग होता.

"मुलगा होता तिला. लांब्रोस. ना कामाचा ना धामाचा. लोकांच्या शेळ्या चोरून पिळायचा."

"पापू! गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

पापू खोकला येईपर्यंत हसले.

"लिहू त्याला?"

"त्याचं राहू दे. आई तेवढी लिही."

कोणाबद्दल कुठला राग कुठवर पुरतो! अनुयाने आई तेवढी लिहिली.

एकविसावं घर त्यांचं स्वतःचं, गावातलं मोठं. निळं दार, अंगणात डाळिंब.

"आणि आत?"

"आत..." पापूंनी गहू ढवळले. "विसरलो. म्हातारा झालो."

अनुयाला भरून आलं. माणसाने दुसऱ्यांची वीस घरं लक्षात ठेवावीत आणि स्वतःचंच विसरावं!

"भूकंपाच्या आधी दोन आठवडे टोरांटोच्या काकाकडून इकडे यायचे कागद आले होते," ते आपणहून म्हणाले. "काकाने मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी स्टेशनवर उचलून घेतलं. भला माणूस. हं, लिही. वडील पेत्रोस, आई सोफिया, आणि स्टाव्हरोस."

तिने लिहिलं. खाली जिवंतांत मारिया आली, दोन नातवंडं आली, आणि पापूंनी हट्टाने 'अनुया' घालायला लावलं. ती म्हणाली, मी तुमच्या धर्माची नाही. ते म्हणाले, देवाला स्पेलिंग तेवढं नीट दे.

गुरुवारी कॉलेजात प्रिंट काढताना तिच्या लक्षात आलं. पितरांच्या यादीत स्टाव्हरोस! शिव शिव. तिने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, जिवंत माणसाचं नाव चुकून पितरांत लागलं तर?"

"अगं बाई! आधी काढ ते," आई म्हणाली. "पण भिऊ नको. असं झालं की आयुष्य वाढतं."

अनुयाने नाव वरून काढलं आणि खाली, स्वतःच्या नावाशेजारी लावलं. म्हाताऱ्याला चूक सांगून ओशाळं करायचं नाही, असंही ठरवलं. तिचा फार जीव होता त्यांच्यावर.

शुक्रवारी पापूंनी भिंग घेऊन कागद वाचला. बोट एकेका घरावरून सरकत होतं. एकविसाव्या घरावर ते थांबलं.

"इथलं नाव कुठे गेलं?"

"खाली घेतलं, पापू. तुम्ही आहात की अजून! मला घरभाडं कोणाला द्यायला लावता?"

पापू हसले नाहीत. भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं.

"कोरी-मू, त्याला परत वर ने. बहात्तर वर्षं झाली, त्याच्यासाठी कोणी एकदाही प्रार्थना केलेली नाही. पोरगा आईबापाशेजारीच गेला."

अनुयाने लॅपटॉप उघडला. "मग... खाली जिवंतांत काय लिहू?"

"लांब्रोस," ते म्हणाले.