वर्षाचा बिल्ला

"आधी बायको बोलणार, मग वर्षभर न खेळल्याचा बिल्ला," म्हातारा कॉर्मॅक म्हणाला. "गटाची रीत आहे, पोरी. मनात असेल ते बोल. गोड बोलायची सक्ती नाही."

नुआला उठली. चर्चमागच्या हॉलमध्ये चौदा माणसं बसली होती, सगळी जुगारात हात पोळलेली. पहिल्या रांगेत तिचा नवरा फिनबार, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी ताइग, त्याचा शाळेपासूनचा मित्र. मागे सहा वर्षांची साइव बिस्किटं खात होती. गेलं वर्षभर पोरगी एकच विचारायची, बाबा घरी कधी येणार? आज तिला उत्तर द्यायचं होतं, आणि उठून उभी राहिली तरी नुआलाचं ठरत नव्हतं.

"गोड मला येतही नाही," ती म्हणाली. "घोड्यांवर यानं माझी पहिली गाडी घालवली, माझ्या आईची अंगठी घालवली. तेही मी गिळलं असतं. पण हा माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचा, आणि मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय. शेवटी मी याला घराबाहेर काढलं. त्याच संध्याकाळी हा नदीच्या पुलावर उभा होता. कठड्याच्या पलीकडे."

बसलेल्यांपैकी काहींना तो कठडा ओळखीचा होता.

फिनबारच्या डॉक्टरीणबाईंनी नुआलाला समोर बसवून समजावलं होतं. जुगार आणि मनाचा काळोख जोडीनं फिरतात, एकाला घरात घेतलं की दुसरा मागच्या दारानं येतोच. नुसता खेळ बंद करून भागत नाही. माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं.

"ताइग तिथं पोचला," नुआला पुढं म्हणाली. "त्याला काय सांगितलं, देव जाणे. मी शंभरदा विचारलं. पण हा अलीकडे आला."

"काही विशेष नाही गं," ताइग फरशीकडे बघत म्हणाला. "थोडं इकडचं तिकडचं."

लोक हसले. ताइगच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे चिमटाच लागतो, हे सगळ्या बंदराला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून फिनबार ताइगच्या होडीवर मासेमारीला जाऊ लागला. राहिलाही त्याच्याकडेच. दर मंगळवारी गटात यायचा, गोळ्या वेळेवर घ्यायचा. नुआलानं त्याच्यावर पाळत ठेवली, उगाच खोटं कशाला बोला? पहिले काही महिने माणूस कुढतो, अंथरूण सोडत नाही, असं तिला सांगितलेलं. हा मात्र पहिल्या आठवड्यातच ताठ झाला. ताइगच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायचा, तोही अगदी चवीनं. चर्चच्या छपरासाठी सोडतीची तिकिटं घेऊन फादर आले, तर यानं त्यांनाही नम्रपणे वाटेला लावलं. सोडत म्हणजेसुद्धा जुगार, असा गटाचा नियम. चहा कोण करणार यावर नाणं उडवलेलंही चालत नाही.

मार्चमध्ये घोड्यांच्या मोठ्या शर्यतींचा आठवडा आला. सारा गाव पबमधल्या टीव्हीला चिकटला होता, आणि फिनबार साइवला घेऊन किनाऱ्यावर शिंपले वेचत होता.

वाळला तो ताइग. रोज सकाळी जाळं ओढताना विचारायचा, "काल खेळलास?"

"काल नाही," फिनबार म्हणायचा, आणि हसायचा.

"नवरा तुझा, आणि झुरतोय ताइग," नुआलाची आई म्हणायची. "असा मित्र दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

हे सगळं आठवत नुआला हॉलमध्ये उभी होती. तिनं फिनबारकडे पाहिलं. वर्षापूर्वीचा राखाडी चेहरा आता राहिला नव्हता.

"माफ केलं का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण वर्षभर हा खरा वागला. आज घरी ये, फिनबार."

तिला रडू आलं. साइव बिस्किटं टाकून धावत आली आणि बापाच्या पायाला बिलगली.

कॉर्मॅकनं बिल्ला हातात घेतला. "रीतीचा एकच प्रश्न. या वर्षात एक तरी पैज लावलीस?"

"या वर्षात एकही नाही."

त्याचं खोटं ओळखायला नुआला नऊ वर्षांत शिकली होती. हे खोटं नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं बिल्ला त्याच्या शर्टाला लावला.

चहा झाला, सफरचंदाचा केक झाला. नुआला साइवला गाडीत बसवायला गेली. फिनबार आणि ताइग हॉलच्या भिंतीशी उभे राहिले.

ताइगनं खिशातून होडीची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"घे. हरलो मी."

फिनबार किल्ली बोटांत फिरवत राहिला.

"पुलावर दुसरं काहीच तुझ्या कानात शिरत नव्हतं, म्हणून म्हटलं, वर्षभर न खेळता टिकणार नाहीस, लाव पैज, जिंकलास तर होडी तुझी," ताइग म्हणाला. "रोज सकाळी जीव मुठीत धरून विचारत होतो तुला. संपली आता. सुटलो दोघं. जा घरी."

फिनबारनं किल्ली परत त्याच्याच खिशात घातली. "होडी कोणाला हवीय? उद्याचं बोल. उद्या सकाळी मी उठू कशासाठी?"

"बायको आहे. पोर आहे."

"तेच म्हणतोय." फिनबारनं गाडीकडे हात हलवला. नुआलानं हसून हात हलवला. "नाताळपर्यंत ती मला ठेवते की हाकलते? तू 'ठेवते' घे. मी 'हाकलते' घेतो."